सुटलेलं लक्ष परत कुठे येईल? नागपुरातल्या क्लासचालकांना आणि लेक्चर रेकॉर्ड करणाऱ्या शिक्षकांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार,

धरमपेठेपासून नंदनवनापर्यंत नीट-जेईईचा असा क्लास आता क्वचितच सापडेल, ज्याच्या फीमध्ये रेकॉर्डेड लेक्चर धरलेलं नाही. आजारपणात बुडलेला तास भरून निघतो, काटोल-उमरेड-रामटेकहून रोज ये-जा करणाऱ्या मुलांना रात्री घरी बसून उजळणी करता येते. सोय मोठी आहे. पण काही मुलांच्या पदरात ती पडतच नाही, आणि त्या मुलांना एडीएचडी (अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर) म्हणजे लक्ष आणि चंचलता यांच्याशी निगडित विकार आहे. जगभरच्या अभ्यासांची सरासरी धरली तर शंभर मुलांमागे सुमारे पाच, म्हणजे ६० जणांच्या बॅचमध्ये तिघांच्या आसपास. चुळबुळ करणारी तुमच्या लक्षात येतात. गप्प बसून मनाने भलतीकडे गेलेली, विशेषतः मुली, बहुतेकदा येत नाहीत.

या मुलांबद्दल पालकसभेत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "रील्स तासभर बघतो, मग लेक्चरच का बघवत नाही?" प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचं उत्तर आधी देतो.

एडीएचडीत लक्षाचा साठा कमी नसतो. लक्ष हवं तिथे वळवणं, तिथे टिकवणं आणि वेळ झाली की तिथून सोडवून घेणं, ही तिन्ही कामं अवघड जातात. रील बघताना मागच्या रीलमधलं काहीही आठवावं लागत नाही. मध्येच मन भरकटलं तरी काही हातचं जात नाही, कारण अर्ध्या मिनिटात सगळं नव्याने सुरू होतं. लेक्चरचं तसं नाही. पाचव्या मिनिटाला धरलेलं गृहीतक पंचविसाव्या मिनिटाच्या समीकरणात वापरायचं असतं. ते तोवर मनात धरून ठेवणारी जी कामापुरती स्मरणशक्ती, तीच या मुलांची नेमकी कच्ची बाजू आहे. शिवाय लक्ष सुटलं हे सुटताना कळत नाही, परत आल्यावर कळतं. मध्ये वीस सेकंद गेलेली असतात आणि फळ्यावर दोन ओळी वाढलेल्या असतात. रील वेळेवर बंद न करता येणं आणि लेक्चरमध्ये न टिकणं या दोन तक्रारींच्या मुळाशी अडचण एकच आहे, म्हणून फोन काढून घेतल्याने दुसरी तक्रार आपोआप मिटत नाही.

आमची विनंती एवढीच आहे की लक्ष सुटणार हे धरूनच व्हिडिओ बांधा, आणि सुटलेल्या मुलाला परत शिरायला जागा ठेवा. व्हिडिओ चटपटीत करा, असं आम्ही म्हणत नाही. मीम, धडाम आवाज, दर तीन सेकंदांनी बदलणारा कॅमेरा यांनी नजर खेचली जाते, पण धडा हातातून निसटतो. विषयाशी संबंध नसलेली गंमत ध्यानात राहते आणि सूत्र राहत नाही, हे शिक्षणशास्त्रात वारंवार दिसून आलेलं आहे. एडीएचडी असलेल्या मुलाला तर त्या गमतीतून परत वळायलाच वेळ लागतो.

आता नेमकं काय बिघडतं ते पाहू. समजा ९० मिनिटांचं लेक्चर आहे. फोन आडवा धरला की पडद्याखालची सरकपट्टी साधारण १४ सेंटिमीटरची होते. ९० मिनिटं म्हणजे ५४०० सेकंद. म्हणजे पट्टीचा एक मिलिमीटर जवळजवळ ३९ सेकंदांचा, आणि अंगठ्याच्या टोकाखालच्या एका सेंटिमीटरमध्ये सहा मिनिटांहून अधिक वेळ दडलेला. वीस सेकंद मागे जायला निघालेला मुलगा चार मिनिटं मागे पडतो, ऐकलेलंच पुन्हा ऐकतो, ओळखीचं वाटल्यामुळे मन पुन्हा निघून जातं, आणि नेमकी हुकलेली जागा दुसऱ्यांदाही हुकते. अशा तीन फेऱ्या झाल्या की तो व्हिडिओ बंद करतो. दुसऱ्या दिवशी दुसरं लेक्चर येतं. तुमच्याच भाषेत सांगायचं तर बॅकलॉग असा तयार होतो. चार लेक्चर साचली की सहा तासांचा डोंगर समोर दिसतो, आणि कामाला हात घालणं हीच ज्याची अडचण त्याला त्या डोंगराची पहिली पायरीच दिसत नाही.

यावरचा पहिला उपाय म्हणजे प्रकरणं पाडणं, म्हणजे एकाच व्हिडिओत नाव आणि वेळ दिलेले टप्पे करणं. यूट्यूबवर त्यासाठी वर्णनाच्या चौकटीत वेळा लिहायच्या असतात: पहिली नोंद ०:०० हवी, एकूण किमान तीन नोंदी चढत्या क्रमाने हव्यात आणि प्रत्येक भाग किमान १० सेकंदांचा हवा. यातली एक अट चुकली तरी प्रकरणं दिसत नाहीत, आणि बहुतेक वेळा विसरली जाते ती ०:०० ची ओळ. नावं देताना 'भाग २', 'उदाहरण ३' असं लिहू नका. 'उतारावरचा ठोकळा कधी घसरू लागतो', 'घर्षणाची दिशा कशी ठरवायची', असं लिहा. परत आलेला मुलगा यादीवर नजर टाकून आपण कुठे होतो ते ओळखू शकला पाहिजे. क्लासचं स्वतःचं ॲप असेल आणि त्यात प्रकरणांची सोय नसेल, तर व्हिडिओखाली वेळांची साधी यादी टाकली तरी पुष्कळ काम होतं.

या वेळा शोधायला कुणी ९० मिनिटं पुन्हा बसायची गरज नाही. शिकवताना नवा मुद्दा सुरू करण्याआधी तीन सेकंद पूर्ण गप्प राहा आणि मग मुद्द्याचा क्रमांक मोठ्याने म्हणा: "मुद्दा चार." संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाच्या आलेखात ती शांतता सपाट रेघेसारखी दिसते. वर्गात बसलेल्या सहायकाला यादी करायला अर्धा तास पुरावा. आणि ती तीन सेकंदं समोर बसलेल्या मुलांनाही उपयोगी पडतात, कारण कुठला तरी मुद्दा संपला हे त्यांना ऐकू येतं.

भाग किती मोठा असावा? २०१४ साली एडएक्सच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांतली ६९ लाख पाहणी-सत्रं तपासून एक निष्कर्ष निघाला होता, की सहा मिनिटांहून छोटे व्हिडिओ लोक सर्वांत टिकून बघतात. तो आकडा तेव्हापासून सगळीकडे फिरतो. पण तो अभ्यास सर्वसाधारण विद्यार्थ्यांचा होता, एडीएचडीचा नव्हता, आणि सहाव्या मिनिटाला डेरिव्हेशन अर्ध्यावर तोडलं तर फायद्याहून तोटा जास्त. आमच्या मते ६ ते १२ मिनिटांत, जिथे विचार पुरा होतो तिथेच तोडावं. उलट टोकाची चूकही होते. काही ठिकाणी लेक्चरच्या दोन-दोन मिनिटांच्या ४५ फाइली केल्या जातात. या मुलांना चालू ठेवण्यापेक्षा सुरू करणं जड जातं, आणि इथे तर ४५ वेळा सुरू करायला लावलं. फाइल एकच ठेवा, आतले टप्पे मात्र स्पष्ट ठेवा.

दुसरा उपाय फळ्यावरचा आहे, आणि सगळ्यांत मोलाचा तोच. फळ्याच्या डावीकडचा पाचवा हिस्सा आखून वेगळा काढा. त्यात तीन गोष्टी लिहा: आत्ताचा प्रश्न, दिलेल्या किमती, आणि कितवी पायरी चालू आहे. हा हिस्सा मुद्दा संपेपर्यंत पुसायचा नाही. डिजिटल बोर्डवर पान उलटलं की तो कोपरा नव्या पानावर उतरवायचा. वीस सेकंदांनी परत आलेला मुलगा आधी तिकडे बघतो, 'पायरी ३, प्रवेग काढतोय' वाचतो आणि सरकपट्टीला हात न लावता पुढे चालू लागतो. रेकॉर्डिंगमधला तुमचा छोटा चेहरा या कोपऱ्यावर येणार नाही एवढं सेटिंगमध्ये आधी तपासून घ्या. तो बहुधा उजवीकडे खाली असतो, पण सॉफ्टवेअर बदललं की जागाही बदलते.

आता पडद्यावर हलणाऱ्या गोष्टींविषयी. चोरी होऊ नये म्हणून बरीच ॲप विद्यार्थ्याचा मोबाइल नंबर लेक्चरवर तरंगत ठेवतात, आणि तो दर काही सेकंदांनी उडी मारून दुसरीकडे जातो. इतर मुलांना तो थोड्या वेळाने दिसेनासा होतो. एडीएचडी असलेल्या मुलाची नजर मात्र प्रत्येक उडीला त्याच्यामागे जाते. दर दहा सेकंदांनी उडी धरली तर ९० मिनिटांत ५४० वेळा. नंबर ठेवा, पण एका कोपऱ्यात, फिका आणि स्थिर. वेबसाइट सर्वांना वापरता याव्यात यासाठीचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांत आपोआप हलू लागणारी आणि पाच सेकंदांहून अधिक हलत राहणारी गोष्ट इतर मजकुराच्या जोडीने दाखवायची असेल तर ती थांबवण्याची किंवा लपवण्याची सोय हवी, असं सांगितलेलं आहे. लाइव्ह तासाच्या शेजारी धावणारी चॅटची पट्टी आणि नव्या बॅचच्या सवलतीचा झळकणारा फलक यांनाही तेच लागू पडतं. चॅट लपवण्याचं बटण द्या, आणि रेकॉर्डिंग साठवताना चॅट वगळूनच साठवा.

आवाजाकडे नागपुरात विशेष लक्ष द्यावं लागतं. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांकडे सरकतो आणि घरोघरी कूलर दिवसरात्र घरघरतो. नीटची उजळणी नेमकी त्याच दिवसांत चालते. कूलरचा एकसुरी आवाज स्वतः फारसा त्रास देत नाही, काही मुलं तर अशा सलग आवाजात अधिक स्थिर बसतात. पण शिक्षकाचा आवाज मंद किंवा घुमणारा असेल, तर शब्दांची टोकं त्या घरघरीत बुडतात. शब्द ओळखण्यातच शक्ती गेली की अर्थ धरून ठेवायला काही उरत नाही. कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा, ओढणी किंवा ओळखपत्राची फीत त्याला घासणार नाही हे बघा. वर्गातल्या पंख्याचा गुंजारव कमी करायला ध्वनिसंपादनात ८० ते १०० हर्ट्झच्या खालचा भाग कापणारी गाळणी लावा. शेवटी संपूर्ण फाइलचा आवाज एका पातळीवर आणा, म्हणजे कुजबुज आणि ओरडणं यांत फार दरी राहणार नाही. पार्श्वसंगीत नकोच. ठेवायचंच असेल तर वर सांगितलेल्या वेबसाइटसाठीच्या निकषांप्रमाणे ते बोलण्यापेक्षा किमान २० डेसिबल खाली हवं.

आणि एक साधी गोष्ट, जी बहुतेक रेकॉर्डिंगमध्ये राहून जाते. वर्गातला मुलगा डाउट विचारतो, तो माइकवर येत नाही. घरी बघणाऱ्याला चाळीस सेकंद शांतता आणि मग अचानक "नाही, तसं नाही" एवढंच ऐकू येतं. लक्ष निसटायला याहून सोपी जागा नाही. उत्तर देण्याआधी प्रश्न एका वाक्यात पुन्हा म्हणा.

वेगाबद्दल मोठा गैरसमज आहे. मुलगा १.५ पटीने लेक्चर बघतो म्हणजे पाट्या टाकतो, असं समजलं जातं. पुष्कळदा ते उलट असतं. संथ बोलण्यात दोन वाक्यांमध्ये जी फट राहते, मन तिथूनच बाहेर पडतं. वेग वाढला की फट बुजते. याच मुलाला डेरिव्हेशनच्या ठिकाणी मात्र ०.७५ वर यावं लागतं. म्हणून वेग बदलण्याची पूर्ण मोकळीक द्या, आणि पाव-पावच्या टप्प्याने द्या. एकदम १ वरून २ वर नेणाऱ्या बटणाचा उपयोग नाही. तसंच दहा सेकंद मागे नेणारं बटण हवंच. यूट्यूबवर पडद्याच्या डाव्या बाजूला दोनदा टिचकी मारली की ते होतं, संगणकावर 'जे' हे अक्षर दाबलं की होतं. क्लासच्या ॲपमध्ये ते नसेल तर ॲप बनवणाऱ्याकडे पहिली मागणी याचीच करा.

काही ॲपमध्ये मुद्दाम घातलेली कुलपं असतात. एक, पूर्ण पाहिल्याशिवाय पुढचं लेक्चर न उघडणं. दोन, पुढे सरकवता न येणं. तीन, व्ह्यू लिमिट, म्हणजे एक लेक्चर ठरावीक वेळाच किंवा ठरावीक तासच बघता येणं. पाठ्यसामग्रीची चोरी होते, त्यात तुमचं खरंच नुकसान होतं, हे आम्हाला मान्य आहे. पण तिसरं कुलूप नेमकं त्याच मुलाला अडवतं, ज्याला एक भाग चारदा ऐकावा लागतो. त्याची मर्यादा मधल्या आठवड्यातच संपते आणि परीक्षेच्या आधी हातात काही राहत नाही. मर्यादा ठेवायचीच तर मुदत परीक्षेच्या दिवसापर्यंत ठेवा आणि मागे जाऊन पुन्हा ऐकलेली मिनिटं त्यात मोजू नका.

पालकांना दर आठवड्याला पाठवल्या जाणाऱ्या 'किती टक्के पाहिलं' या आकड्याचाही फेरविचार करा. १०० टक्के म्हणजे व्हिडिओ शेवटपर्यंत वाजला, एवढंच त्यातून कळतं. ६० टक्के पाहिलेल्या मुलाने कदाचित तीन भाग दोनदा ऐकून गणित सोडवलेलं असेल. त्या आकड्यावरून घरी बोलणी बसतात, आणि मूल व्हिडिओ चालू ठेवून दुसरंच काही करायला शिकतं. त्याऐवजी दुसऱ्या दिवशीच्या डीपीपीत, म्हणजे रोजच्या सरावप्रश्नांत, त्या लेक्चरवरचे दोन प्रश्न टाका आणि ते सुटले का, तेवढंच कळवा.

मध्येच उगवणाऱ्या 'तुम्ही बघत आहात का?' या चौकटीने लक्ष परत येत नाही, चौकट बंद करण्याची सवय लागते. त्याऐवजी प्रत्येक टप्प्याच्या शेवटी शिक्षकाने म्हणावं: "व्हिडिओ थांबवा, वहीत एक ओळ लिहा." एकच प्रश्न, उत्तर दोन मिनिटांत लिहून होईल असा, आणि उत्तर पुढच्या टप्प्याच्या सुरुवातीलाच सांगायचं. हात चालला की डोकं जागेवर येतं. पण हा प्रश्न कुलूप होऊ देऊ नका, ज्याला नको असेल त्याला पुढे जाता आलं पाहिजे.

नोट्स आधी द्या, आणि अर्धवट द्या. पूर्ण पीडीएफ हाती असली की मूल फोनवर व्हिडिओ आणि पीडीएफ यांच्यात उड्या मारतं, आणि त्या उड्यांच्या वाटेवर व्हॉट्सॲप असतं. साध्या ए-फोर कागदावर, एका टप्प्याला एक पान, प्रकरणांचेच क्रमांक, आणि महत्त्वाच्या पायरीजागी दोन-चार शब्दांची रिकामी जागा. संपूर्ण व्याख्या लिहायला लावू नका, लिहिता लिहिता पुढचं हुकतं. ९० मिनिटांना आठ-नऊ पानं होतात, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे फार खर्च येत नाही. कागद मुलाच्या वाटची स्मरणशक्ती सांभाळतो, आणि कुठली जागा रिकामी राहिली यावरून लक्ष कुठे सुटलं तेही त्याचं त्यालाच दिसतं.

सबटायटलबाबत मत एकच नाही. काहींना ऐकू आलेलं डोळ्यांपुढे राहिल्याने आधार मिळतो, काहींची नजर सतत खाली ओढली जाते. म्हणून ती द्यावीत, पण बंद करता येतील अशी, वेगळ्या फाइलमधून. व्हिडिओत कायमची छापू नयेत. प्रत्येक शब्द उड्या मारत रंग बदलतो ती रीलमधली पद्धत तर नकोच. आपण मराठी वाक्यात इंग्रजी संज्ञा पेरून शिकवतो. यंत्राने आपोआप काढलेल्या मजकुरात नेमक्या त्या संज्ञाच बिघडतात, तेव्हा निदान संज्ञा तरी माणसाने तपासाव्यात.

लाइव्ह तासाला कॅमेरा चालू ठेवून स्थिर बसण्याची सक्ती असेल तर ती सैल करा. एडीएचडी असलेल्या मुलांवरच्या २०१५ सालच्या एका अभ्यासात, कामापुरत्या स्मरणशक्तीची कसोटी चालू असताना जी मुलं अधिक हलत होती त्यांची कामगिरी अधिक चांगली होती. स्थिर बसण्यातच सगळा जोर लावला की ऐकायला काही शिल्लक राहत नाही. पडद्यावर लेक्चर दाखवणारा वर्ग असेल तर मागच्या भिंतीपाशी उभं राहून बघायची परवानगी द्या. शेवटचा बाक नको, भिंतीपाशी उभं राहणं निराळं.

रात्रीच्या वेळेविषयीही तुम्हाला ठाऊक असावं. काही मुलं डॉक्टरांच्या सल्ल्याने मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीवरचं औषध घेतात. त्याच्या साध्या गोळीचा परिणाम साधारण तीन-चार तास टिकतो, लांब पल्ल्याच्या गोळीचा आठ ते बारा तास. सकाळी घेतलेल्या गोळीचा परिणाम रात्री नऊ वाजता, लेक्चर बघायच्या वेळी, उरलेला नसतो. सकाळच्या तासाला ठीक असलेलं मूल रात्री ढेपाळतं ते यामुळेही असू शकतं. औषधाबद्दल मुलाला विचारणं किंवा सुचवणं हे शिक्षकाचं काम नाही, ते डॉक्टर आणि घरचे बघतील. तुम्ही एवढं करा, की लेक्चर त्याच रात्री बघण्याची अट नको, पहाटेही बघता यावं.

एक शंका तुमच्या मनात येईल: यासाठी प्रमाणपत्र मागायचं का? मागू नका. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या २१ प्रकारांच्या यादीत एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख नाही. अनेक मुलांचं निदानच झालेलं नसतं, ज्यांचं झालेलं असतं त्यांच्यातल्या कित्येकांना ते वर्गात उघड करायचं नसतं. वर सांगितलेल्या बदलांतला एकही असा नाही, जो फक्त एडीएचडी असलेल्या त्या तिघांना द्यावा लागेल. प्रकरणं पाडली, फळ्याचा कोपरा राखला, तर ते साऱ्या बॅचला मिळतं आणि कुणाला हात वर करावा लागत नाही.

सुरुवात एका लेक्चरपासून करा. मागच्या वर्षीचं सर्वांत जास्त पाहिलेलं, भौतिकशास्त्राचं किंवा सेंद्रिय रसायनाचं, एक रेकॉर्डिंग घ्या. यूट्यूबवर असेल तर 'यूट्यूब स्टुडिओ' या चॅनल सांभाळण्याच्या पानावर प्रेक्षक किती टिकले त्याचा आलेख उघडा. आलेखात जिथे उंचवटे दिसतात त्या जागा पुन्हा पुन्हा बघितल्या गेल्या आहेत, जिथे तीव्र उतार आहे तिथून मुलं निघून गेली आहेत. आधी उंचवट्यांपाशी प्रकरणाच्या वेळा लिहा. मग उताराआधीचं एक मिनिट ऐका: बहुतेक वेळा तिथे न ऐकू आलेला डाउट असतो, पुसलेला फळा असतो किंवा पाच मिनिटं चाललेल्या सूचना असतात. सूचना वेगळ्या फाइलमध्ये काढा. वेळांची यादी ग्रुपवर टाका आणि कुणी डाउट विचारला तर दुवा पाठवताना 'स्टार्ट ॲट'वर खूण करून ३७:२० अशी नेमकी वेळ द्या. एवढं एका दुपारी होतं. फळ्याचा कोपरा आणि अर्धवट नोट्स दहावीच्या निकालानंतर सुरू होणाऱ्या बॅचच्या पहिल्या तासापासून आणता येतील.

आपले,
एडीएचडी असलेल्या विद्यार्थ्यांना शिकवणारे आणि त्यांच्यासाठी लेक्चर संपादित करणारे आम्ही काही जण,
नागपूर